भंतेंचा कान

“मग मी बोलायचं की गप्प बसायचं, भंते? एवढंच सांगा.”

भंते शीलवंश सुईत दोरा ओवत होते. दोरा चुकला. त्यांनी टोक ओठांनी ओलं केलं आणि सुई पुन्हा उजेडात धरली.

“भंते…”

“कोणाशी?”

“म्हणजे? ऑफिसात. सगळ्यांशीच.”

“हं,” भंते म्हणाले. “आधी बस.”

उत्पला खोब्रागडे बसली.

भंडाऱ्याकडच्या एका गावाबाहेर, तलावाच्या पाळीवर ते लहानसं विहार होतं. धानाची कापणी उरकली होती. खाली पाण्यात दोघे जण डोंग्यातून शिंगाडे काढत होते. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला विहाराची झाडलोट करणारी देवकाबाई सुपात तांदूळ पाखडत बसली होती.

रविवारी भंतेंच्या जेवणाचा डबा उत्पलाची आई आणायची. आज उत्पला घेऊन आली होती. ती सुट्टी काढून पुण्याहून आली, त्याला चार-पाच दिवस झाले होते आणि घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी आई म्हणाली, “मले तुझं ऑफिस काही समजत नाही. भंतेजीले सांग.”

उत्पला एका मोठ्या कंपनीत होती. बँकांची अ‍ॅप तयार करणारी कंपनी. गावातली कुठलीच मुलगी तिच्याइतकी पुढे गेली नव्हती. हे गावाला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं.

भंतेंच्या शेजारी मांडी घालून ती सांगू लागली.

“माझा पहिला मॅनेजर म्हणाला, तू फार बोलतेस. मीटिंगमध्ये दुसऱ्यांना बोलू दे. बरं. मी कमी बोलायला लागले. मग तो गेला, एक मॅडम आल्या. त्या म्हणाल्या, तू मीटिंगला आहेस की नाहीस तेच कळत नाही. स्वतःला मांडायला शीक. मी क्लास लावला, भंते! उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे, समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं, सगळं शिकले. तोवर मॅडम दुसऱ्या प्रोजेक्टवर गेल्या. आताचे सर म्हणाले, तुझं बोलणं लागतं लोकांना. जरा मऊ हो. झाले मी मऊ. आणि या वेळच्या अप्रेझलला काय ऐकवलं माहीत आहे? म्हणे, तू नेमकी कशी आहेस याचा आम्हाला अंदाज येत नाही.”

भंते चीवराची फाटलेली कड शिवत होते. टाके बारीक पडत होते.

“येईल कसा अंदाज? तुम्ही येऊ देता का?” उत्पलाचा आवाज चढला. देवकाबाईने सूप थांबवून वर पाहिलं. “आणि प्रमोशन कुणाला, तर शलाकाला. शलाका रामटेके. आम्ही नागपूरला एका कॉलेजात होतो, एकदमच कंपनीत लागलो. ती हॉस्टेलवर जशी होती तशीच आहे. मीटिंगमध्ये पोहे खाते. काही समजलं नाही की सगळ्यांदेखत म्हणते, मला समजलं नाही. तिला कुणी काही सांगितलं नाही. कधीच नाही! आता उद्यापासून मी तिच्या हाताखाली. राजीनाम्याचा मेल लिहून ठेवलाय. पाठवू? की राहू? आणि राहिले तर कशी राहू? बोलणारी, न बोलणारी, मऊ, कडक… कशी?”

ती थांबली. हे सगळं तिने आईला सांगितलं होतं, भावाला सांगितलं होतं, नागपूरच्या मावशीलाही फोनवर सांगितलं होतं. कुठे थांबायचं आणि कुठे आवाज चढवायचा, हे आता तिला पाठ झालं होतं. ऐकणारा इथे हळहळायचाच.

भंतेंनी दोरा दातांनी तोडला. सावकाश मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“मला डाव्या कानाने ऐकू येत नाही,” ते म्हणाले.

उत्पला त्यांच्या डाव्या हाताला बसली होती.

“… काहीच नाही?”

“काहीतरी बोलत होतीस. रागावली होतीस, एवढं दिसलं.”

“मग मघाशी सांगायचं ना, भंते!”

“तू बोलत होतीस.”

उत्पलाला हसावं की चिडावं ते कळेना.

“इकडे ये,” भंते उजव्या बाजूची चटई थोपटत म्हणाले. “इथे बस. आता सांग.”

ती उठली, पलीकडे जाऊन बसली. पुन्हा सुरुवात करायची म्हणून तोंड उघडलं, पण पहिल्या मॅनेजरपासून सगळं परत सांगायचा तिला कंटाळा आला. मॅडम आणि क्लास तर तिने सोडूनच दिले.

“मला प्रमोशन मिळालं नाही, भंते. शलाकाला मिळालं. हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं होतं. केक होता. सर म्हणाले, आता एक आनंदाची बातमी. मला आधीच माहीत होतं की…”

ती अडखळली.

“म्हणजे अंदाज होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शलाका केक कापताना सारखी इकडे बघत होती. मी दुसरीकडे बघत होते. तिथे भिंतीवर कंपनीचा बोर्ड आहे, तो वाचत होते. मग जागेवर जाऊन काम करत बसले. त्या दिवशी मी खूप काम केलं.”

बोलता बोलता ती स्वतःच जरा गोंधळली. हे तिने मावशीला सांगितलं नव्हतं. हे सांगण्यासारखं होतं असंही तिला वाटलं नव्हतं.

“मी आणि शलाका एकाच फ्लॅटवर राहतो,” ती हळू म्हणाली. “पहिल्यापासूनच राहतो. पण आता फक्त गॅस कधी संपेल, बाई आली का, एवढंच बोलतो.”

भंतेंनी सुई चटईवर ठेवली.

आता ते काहीतरी सांगतील, असं तिला वाटलं.

“उजव्याने नीट येत नाही,” भंते म्हणाले. “डावीकडे येतेस का?”

“डावीकडे?”

“हो.”

“भंते, डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणालात.”

“असं म्हणालो?”

“आत्ताच म्हणालात!”

भंते विचारात पडले. खरंच आठवत असावेत, असा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी सुई उचलली आणि पुन्हा दोरा ओवायला घेतला.

उत्पला उठली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. ओसरीच्या टोकाला जाऊन तिने माठातलं पाणी घेतलं आणि देवकाबाईजवळ वाकून हलक्या आवाजात विचारलं, “काकू, भंतेंचा नेमका कोणता कान गेलाय?”

“कान?” देवकाबाई मोठ्यानेच म्हणाली. “कानाले काय झालं? मी घरचं सांगतो ते सारं बराबर ऐकू येते. माझी सून आली का मात्र तिले पुन्हा पुन्हा सांगाले लावतेत.”

“का?”

“मले का माहीत, बाई. तिलेच इचार.” देवकाबाईने सुपातला खडा काढून अंगणात फेकला. “तुझं लवकर आटप मात्र. बाराच्या आत भंतेजीचं जेवण झालं पाहिजे.”

उत्पलाने पेला पालथा घातला.

आपण इथे कशाला आलो, असं तिला झालं होतं. एक जण म्हणतो बोल, दुसरा म्हणतो बोलू नको, तिसरा म्हणतो हळू बोल. त्यातून सुटायला इथे यावं, तर हे म्हणतात इकडून बोल, तिकडून बोल. डबा पोचवला होता. आईला सांगता आलं असतं, भेटले, आशीर्वाद दिला, संपलं.

ती पायऱ्या उतरली. चपलेत एक पाय घातला.

दुसरा घालताना ती थांबली. मघाशी एक वाक्य अर्धंच राहिलं होतं. ‘मला आधीच माहीत होतं की…’ ते तिने घाईघाईने झाकलं होतं. आता ते पुन्हा जिभेवर आलं. राग आला. कुणाचा, ते कळेना.

चप्पल तशीच टाकून ती वर आली. डावीकडे बसली नाही, उजवीकडेही नाही. भंतेंच्या समोर येऊन उभी राहिली.

“शलाकाचा फोन आला होता,” ती म्हणाली.

भंतेंनी मान वर केली.

“आदल्या संध्याकाळी. मी घरी होते, ती ऑफिसातच होती. तिला सरांनी केबिनमध्ये बोलावलंय हे मला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं. मग तिचं नाव स्क्रीनवर आलं. मला कळलं कशासाठी ते. मी फोन पालथा घातला. तो टेबलावर थरथरत राहिला. मी बघत बसले. ती घरी आली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती दारात उभी राहिली. बराच वेळ. मग लाइट घालवून गेली.”

देवकाबाईचं सूप थांबलं होतं.

“ती मला आधी सांगणार होती, भंते. हॉलमध्ये सगळ्यांबरोबर कळू नये म्हणून. आणि मी…” उत्पलाने ओठ घट्ट मिटले. “एवढंच आहे. बाकीचं सगळंही आहे, ते खोटं नाही. ते लोक चुकलेच. पण हे आहे.”

भंतेंनी शिवण बाजूला ठेवली.

“हे ऐकू आलं,” ते म्हणाले.

उत्पला खाली बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिला ते पुसायचंही सुचत नव्हतं. तलावावरून शिंगाडेवाल्यांच्या हाका आल्या, मग त्याही थांबल्या.

…

“पण मग राजीनाम्याचं काय करू?” डोळे पुसत तिने विचारलं.

भंतेंनी सुई-दोरा डबीत ठेवला.

“आणि बोलायचं की गप्प बसायचं, ते तर राहिलंच.”

“राहिलं,” भंते म्हणाले.

“मग?”

“तिचा नंबर आहे तुझ्याकडे?”

“आहे की. माझ्या फ्लॅटवरच राहते ती.”

भंते गुडघ्यावर हात टेकून उठले. सूर्य माथ्यावर येत होता. देवकाबाईने डबा उघडला, वाफ गेलेली असूनही वरणाचा वास ओसरीभर पसरला. भंते हात धुवायला गेले. ते पाणी सावकाश ओतत होते, थेंब थेंब हातांवर घेत होते, जणू त्यांच्या मागे काही घडतच नव्हतं.

उत्पलाने फोन काढला. नाव शोधायला लागलं नाही, ते वरच होतं. तिने बोट जवळ नेलं, मागे घेतलं.

“भंते, काय बोलू? सॉरी म्हणू? की आधी अभिनंदन करू? की काहीच झालं नाही असं… तिला वाटेल, बॉस झाली म्हणून आता फोन करते. वाटेल ना तसं?”

भंते हात पुसत होते.

“उद्या समोरासमोरच बोलले तर? आज रात्रीची गाडी आहे माझी. उद्या सकाळी पोचेनच.”

भंतेंनी भिक्षापात्र उचललं. आतून एकदा पाहिलं, बाहेरून एकदा पाहिलं.

मग उत्पलाने नंबर लावला. का लावला, ते तिला सांगता आलं नसतं. कुणी लाव म्हटलं नव्हतं. फोन कानाशी धरून ती डोळे मिटून उभी राहिली. रिंग जात होती. पुण्यात रविवारी या वेळेपर्यंत शलाका उठलेली असायची, गॅलरीत दोरीवर कपडे वाळत घालायची, फोन आत ओट्यावर असायचा. किंवा हातातही असेल. नाव बघत असेल.

रिंग वाजत राहिली…

वाजत राहिली…

बंद झाली.

उत्पलाने फोन खाली घेतला. स्क्रीनकडे पाहिलं. देवकाबाईकडे पाहिलं. देवकाबाईने नजर डब्याकडे वळवली.

“उचलत नाहीये, भंते,” ती म्हणाली. आपला आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

भंते पात्र घेऊन आसनावर बसले. चीवर सारखं केलं. तिच्याकडे बघून विचारलं,

“तिकडे वाजला ना?”