साळिंदराचं मोठं कार्ड

एका जंगलात एक अर्धवट अफवा राहत असे. ती पहिल्यांदा ऐकली खारीने, आणि तीही चोरून, बरं का! कोल्ह्याच्या दुकानावरच्या फांदीला दोन वटवाघळं लटकली होती. त्यातलं एक म्हणत होतं, "मोठं कार्ड बसवलं ना, की त्या खेळातल्या खिडकीतून कुणीतरी आपल्या घरातला एकेक दिवा..." तेवढ्यात त्याला खारीची शेपटी दिसली आणि ते गप्प झालं.

खारीच्या झाडाखाली साळिंदराचं बीळ होतं. त्याच्याकडे एक कॉम्प्युटर होता. जंगलात वीज कुठली? भिंतीतल्या कोनाड्यात चाळीस काजवे राहत, त्यांच्या उजेडावर तो चाले. वीस काजवे चमकत, वीस झोपत, मग पाळी बदले. साळिंदर एकच खेळ खेळे. त्यात लांब डोंगरावर एक घर होतं, घराला एक खिडकी, आणि खिडकीत काहीतरी उभं. पडद्यावरची चित्रं रंगवणारं त्याचं ग्राफिक्स कार्ड जुनं, त्यावर ते नुसतं धुरकट दिसे.

"कुणीतरी माझ्याकडे बघतंय गं," साळिंदर खारीला म्हणालं. "एकदा स्पष्ट बघायचंय."

"बघून काय करणार, साळिंदरभाऊ? खेळ चाललाय ना नीट? आणि ती वाघळं काय म्हणत होती, माहितीये..."

"अर्धं ऐकायचं आणि दीड सांगायचं! तुझी ही खोड काही जायची नाही, खारूताई."

साळिंदर नवं, मोठं कार्ड आणायला कोल्ह्याच्या दुकानात गेलं. कार्डाची लांबी विचारली, पंखे किती ते विचारलं, रिझोल्युशन विचारलं. कोल्हा म्हणाला, "पानापानावरची शीर दिसेल! फक्त एक आहे, याला उजेड जरा..." पण साळिंदर कार्ड घेऊन निघालंसुद्धा. घरी काजव्यांना विचारायचं तर त्याच्या मनातही आलं नाही.

भर दुपारी त्याने कार्ड बसवलं. वीस काजव्यांवर पडदा लागेना, म्हणून त्याने झोपलेल्या वीस जणांनाही उठवलं. म्हातारा काजवा म्हणाला, "दादा, आमची पाळी नाही ही."

"थोडाच वेळ रे!"

पडदा उजळला. गवताची पाती मोजता येऊ लागली. डोंगर जवळ आला. मागे कोनाड्यात एक काजवा विझला. ना फडफड, ना आवाज. मग दुसरा. मग तिसरा. पडद्यावर पान न् पान स्पष्ट होत होतं आणि बिळात साळिंदराला स्वतःचे पंजे दिसेनासे झाले.

"दादा, बास," काळोखातून आवाज आला.

"आता खिडकीच तर राहिलीये!"

बिळाच्या तोंडाशी खार ओरडली, "भाऊ, मागे बघा हो!" पण साळिंदर खिडकीपाशी पोचलं होतं. खिडकीत कुणीच नव्हतं. रंगाचा एक उभा फराटा होता, बस्स. तेवढ्यात पडदाही विझला. साळिंदर मागे वळलं. कोनाडा कुठे आहे, तेही त्याला कळेना. त्याचे काटे आपोआप उभे राहिले.

त्याने चाचपडत ते कार्ड उपसलं आणि ते तीन दिवस अंधारात बसून राहिलं. चौथ्या दिवशी एक काजवा मिणमिणला. मग हळूहळू एकोणचाळीस. म्हाताऱ्याची जागा मात्र काळीच राहिली.

खारीने ती अफवा मग सगळ्या जंगलात पुरी करून सांगितली. "दिवे विझतात, हे खरं हो. पण विझवणारं खिडकीत नव्हतं. ते खिडकीसमोर बसलं होतं."

आता जुनंच कार्ड आहे. खिडकीत पुन्हा काहीतरी धुरकट उभं असतं. साळिंदर तिकडे बघत नाही. दर थोड्या वेळाने ते मागे वळून कोनाड्याकडे बघतं.

तात्पर्य : लांबचं स्पष्ट दिसावं म्हणून नवं काही आणण्याआधी, त्याला लागणारा उजेड कुणाच्या जिवातून येणार आहे, हे त्यालाच विचारावं.