पहिली मूठ पानाईची

ऐक पानाई, तुझी कहाणी. ओढ्याकाठी एक आटपाट गाव होतं. गावाबाहेर पत्र्याची लांबट शेड होती. तिथं द्वारका नि तिचा नवरा यशवंता ब्रॉयलर कोंबड्या पाळीत. मानमोडीची साथ यायची, कोंबड्यांच्या माना वाकड्या व्हायच्या, शेड ओस पडायची. यशवंता म्हणाला, "ही बॅच गेली तर शेडला कुलूप घालतो, शहरात कामाला जातो. तू माहेरी जा." 

मग काय झालं? दुपारची वेळ, पिल्लं भुशावर निजलेली, जसा पांढरा ढग खाली उतरून विसावलेला. द्वारकेचा डोळा लागला. हिरवं लुगडं नेसलेली एक म्हातारी आली. केसांत पानं, पावलांना मातीचा वास.

"बाई बाई, माझा वसा घे."

"आजी आजी, तुम्ही कोण? वसा कसला?"

"मी पानाई. सकाळी उठावं, दाराशी पाय धुवावेत. शेवग्याचा पाला नि तुळशीची पानं सावलीत वाळवावीत, हळदीसंगं कुटावीत, खाद्यात मिसळावीत. पहिली मूठ आपल्या हातानं द्यावी. मूठ संपेस्तोवर पिल्लांत बसावं, बोलू नये, उठू नये."

"त्यानं काय होतं?"

"पिल्लं अंग धरतात. मानमोडी आली तर झुंजायला बळ राहतं."

"मग लस द्यायची का नाही?"

"लस चुकवू नकोस हो. मी लशीची सवत नव्हे, बहीण आहे."

द्वारका जागी झाली. तळहाताला हळदीचा वास येत होता. तिनं वसा घेतला. लस दिली, पाला कुटला, मूठ धरली. पिल्लं तळहातावर टोचा मारीत, तिला गुदगुल्या होत. पिल्लं वाढली, पिसांवर तकाकी आली. गाव बघायला येऊ लागलं नि बाई फुगली.

मग एके दिवशी म्हणाली, आज दारातूनच ओतते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आज शेजारीण ओतील. तिसऱ्या दिवशी काही म्हणालीच नाही. पाला तोच, हळद तीच, फक्त मूठ गेली. आता तुम्हीच सांगा बायांनो, एवढ्यानं काय बिघडतं? तिलाही तसंच वाटलं.

पार टोकाच्या कोपऱ्यात एक कोंबडी खाद्याला आली नाही. कुणी पाहिलं नाही. मग दुसरी आली नाही, मग तिसरी. मानमोडीनं निम्मी शेड नेली. यशवंतानं खुंटीवरचं कुलूप काढलं.

द्वारका रडत रडत शेवग्याकडं गेली. "शेवग्या शेवग्या, पाला तर रोज पडला, मग असं का झालं?" शेवगा म्हणाला, "मी पाला दिला. पुढचं तुळशीला विचार." तुळशीकडं गेली. तुळस म्हणाली, "मी पानं दिली. पुढचं हळदीला विचार." मग उखळाशी गेली. हळद म्हणाली, "मूठ पिल्लांच्या पोटासाठी होती, बाई. बसणं तुझ्या डोळ्यांसाठी होतं."

द्वारकेला फार लाज वाटली. ती माघारी आली. पाय धुतले, मूठ भरली, उरलेल्या कोंबड्यांत बसली. बोलली नाही, उठली नाही. सगळ्या आल्या, एक आली नाही. डोळे मिटून, मान कलती करून ती कडेला बसली होती. द्वारकेनं तिला अलगद उचललं, दूर ठेवलं, डॉक्टरांना बोलावलं. दुसऱ्या सकाळी आणखी एक दिसली, तीही वेगळी केली. मग एका सकाळी मूठ उघडली नि साऱ्याच्या साऱ्या धावत आल्या. द्वारका तिथंच बसून रडली. यशवंतानं दारातून पाहिलं, कुलूप परत खुंटीला टांगलं.

कोंबड्या भरल्या अंगाच्या झाल्या. न्यायला संध्याकाळी गाडी यायची होती. सकाळी द्वारका पाय धुऊ लागली.

यशवंता म्हणाला, "आज तर चालल्या. आज कशाला बसतीस?"

द्वारका म्हणाली, "सकाळची भूक त्यांना आजही लागलीच की." नि मूठ संपेस्तोवर बसली.

पानाई जशी तिला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. धरलेली मूठ सुटू नये, कोपऱ्यातला जीव नजरेआड होऊ नये. लांबलचक कहाणी, मूठभर बोलांत सुफळ संपूर्ण.