शिवेवर ठेवलेली डोली

एका डोंगरावर दोन गावं होती. वर सोनघळ, त्याखाली करंजशेत. सरकारी दवाखाना मात्र पार तळाला, बाजाराच्या गावात. सरकारने दवाखाना दिला, डॉक्टरीणबाई दिल्या, कपाटभर औषधं दिली. रस्ता तेवढा द्यायचा राहिला. आजारी माणूस खाली पोचेपर्यंत अर्धा मेलेला असायचा.

एकदा डॉक्टरीणबाई स्वतःच डोंगर चढून आल्या. दोन्ही गावांना एकत्र बसवून म्हणाल्या, "औषध माझ्याकडे आहे, पण खांदे तुमच्याकडे आहेत. दोन्हींची गाठ पडली तरच माणूस वाचेल."

गावांना ते पटलं. दोन वासे आणि एक जाड घोंगडी यांची डोली तयार झाली. सोनघळच्या माणसांनी आजाऱ्याला दोन गावांमधल्या शिवेच्या दगडापर्यंत आणायचं, तिथून करंजशेतच्या माणसांनी दवाखान्यात पोचवायचं, असं ठरलं. दोन वर्षं हे नीट चाललं. साप चावलेले चालत घरी आले, तापाने फणफणलेली पोरं पुन्हा खेळू लागली.

मग सोनघळच्या यात्रेत मानाच्या पहिल्या नारळावरून बिनसलं. दरवर्षी करंजशेतचा नारळ आधी फुटायचा. त्या वर्षी सोनघळवाल्यांनी आपलाच आधी फोडला. करंजशेतचा पाटील हैबती प्रसाद न घेता उठून गेला. गोष्ट एवढीच. शहाण्यांनी कपभर चहावर मिटवावी इतकी लहान. पण मानपानाच्या गोष्टी आपल्याकडे चहावर मिटत नाहीत.

पंधरा दिवसांनी सोनघळच्या ठकूबाईची सून सुंदरा अडली. पहिलटकरीण, कालपासून कळा, आणि मूल आडवं आलेलं. गावचा म्होरक्या बयाजी आणि आणखी तिघे डोली घेऊन निघाले. मागे ठकूबाई, अनवाणी. शिवेच्या दगडाशी त्यांनी डोली खाली ठेवली आणि हाक मारली. हैबती आपल्या तिघांना घेऊन आला, पण दगडापलीकडेच थांबला.

"आमची शीव संपली. उचला," बयाजी म्हणाला.

"नारळ तुमचा पयला, तर खांदाबी तुमचाच," हैबती म्हणाला. "तुमीच न्या."

बयाजीही काही कमी नव्हता. "दुसऱ्याच्या शिवंत आमी वझं वाहत नाय."

आठ धडधाकट पुरुष, हाताची घडी घालून उभे. मधे जमिनीवर सुंदरा, घोंगडीची कड दातांत धरून कण्हत होती. ठकूबाईने दोन्ही बाजूंना हात जोडले, पदर पसरला. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर डोली उचलावी लागली असती. असा अर्धा तास गेला. सांगतानाही मान खाली जाते.

तेवढ्यात करंजशेतची हौसा आणि तिच्या दोन जावा डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन त्या वाटेने आल्या. हौसाने एकदा डोलीकडे पाहिलं, एकदा आपल्या पाटलाकडे, आणि मोळी तिथेच टाकली. जावांनीही टाकल्या. त्या तिघी आणि ठकूबाई, चौघींनी मिळून वासे खांद्यावर घेतले.

आता मात्र आठही जण धावले. हैबतीने वाशाला हात घातला. हौसाने तो झिडकारला.

"सरा बाजूला, पाटील. मेल्यावर खांदा द्यायला समदेच येत्यात. ही अजून जित्ती हाय."

पुढची सगळी वाट बायका डोली घेऊन चालल्या आणि पुरुष रिकाम्या खांद्यांनी मागून. ठकूबाईच्या टाचा फुटून रक्त येत होतं. त्याचे डाग वाटेवरच्या दगडांवर पडत होते आणि हैबतीला ते बघत बघत चालावं लागत होतं.

सुंदरा वाचली. तिचं मूल वाचलं नाही. मुलगी होती, पुरत्या दिवसांची.

डॉक्टरीणबाई हात पुसत ओट्यावर आल्या. "अर्धा तास आधी आणलं असतं तर दोघीही हाती लागल्या असत्या. एवढा उशीर का झाला?"

आठही जणांनी ठकूबाईकडे पाहिलं. आता ही सांगणार. तिने सांगायलाच हवं होतं.

ठकूबाईने पदराने डोळे पुसले. "वाट लई लांब हाय, बाई," ती म्हणाली.

तिने शिव्या घातल्या असत्या तर हैबतीने त्या मुकाट ऐकल्या असत्या. तिने घातलेलं हे पांघरूण मात्र त्याला सोसवेना. लाजेने त्याचा चेहरा काळवंडला. त्याने डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला आणि तो दवाखान्याच्या भरल्या ओट्यावर, सगळ्यांदेखत बोलला.

"वाट नेहमीएवढीच हाय, बाई. आमी हुबं व्हतो."

बयाजी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आमीबी."

त्यानंतर डोली शिवेवर कधी खाली ठेवली गेली नाही. जो उचलतो तो चालत राहतो, आणि दुसऱ्या गावची माणसं धावत येऊन खांदा बदलतात. कितीतरी जीव त्यामुळे वाचले. हैबती दर वेळी सगळ्यांच्या आधी येतो. पण ठकूबाई समोर आली की त्याची नजर जमिनीवरून उठत नाही.

तात्पर्य: दवाखाना एकट्या डॉक्टरच्या हातावर चालत नाही, तो सगळ्यांच्या खांद्यांवर चालतो; आणि मानापायी आपला खांदा काढून घेणाऱ्याला मागाहून लाज वाटली, तरी गेलेला जीव त्या लाजेने परत येत नाही.