गुळगुळीत पाटा

दगड बोलायचे आणि धण्यांना ते निमूट ऐकून घ्यावं लागायचं, त्या काळची गोष्ट. एका घरी पाट्यावर मूठभर धणे सकाळपासून वाटले जात होते. त्यातला एक धणा काही केल्या फुटेना. वरवंटा आला की तो नुसता घसरायचा.

"आजकालचे धणेच निबर," पाटा कुरकुरला. "आमच्या वेळचे बघता बघता भुगा व्हायचे."

बाई वैतागली. "आता नाही वाटले, तर कोंबड्यांनाच टाकते मेल्यांना!"

धण्याचा जीव टांगणीला लागला. खरंच आपल्यातच खोट असेल का?

तेवढ्यात टाकी लावणारी, म्हणजे पाटे छिन्नीनं टोचून खरखरीत करून देणारी येलव्वा दारात आली. तिनं पाट्यावरून तळवा फिरवला. "धण्याला कशाला शिव्या देतीस, बाई? पाटा झिजून आरसा झालाय."

"झीज नव्हे, तेज आहे ते!" पाटा गरजला. "कालची पोर मला टोचणार?"

बाईनं धणे वाटीत काढले. चाललो कोंबड्यांकडे, असं धण्याला वाटलं. पण बाहेर छिन्नी वाजू लागली आणि थोड्या वेळानं तो पुन्हा पाट्यावर आला. पहिल्याच फेऱ्यात फुटला. वास ओसरीपर्यंत गेला.

शेवटचं त्याच्या कानावर आलं ते पाट्याचंच बोलणं.

"बघितलंत? आणलाच की नाही कार्ट्याला वठणीवर!"