मुद्गलभटांनी घेतलेली संथा

गोदेच्या काठी नांदवे नावाच्या गावात अच्युतनाथ महाराजांचा मठ होता, त्या काळातली ही गोष्ट. भाविकहो, सावरून बसा. गावात विद्वान इतके होते की चुकून एखादा अडाणी पाहुणा आला, तर लोक त्याला कौतुकाने जेवायला बोलावीत.

अशा गावात एके दिवशी पंधरा वर्षांचा एक शिष्य मठाच्या दारी उभा राहिला. नाव सांगितले कमळाकर. महाराज म्हणाले, "नाव कोण विचारतंय? पाठ काय काय आहे, ते सांग."

खरे तर ती कमळजा होती. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला आणि सासरच्यांनी तिचे केशवपन केले. पुढचे काम सोपे होते. तिने मागे शेंडी वाढू दिली, विधवेचे लाल आलवण नदीत सोडले, धोतर नेसली आणि अंगावर उपरणे घट्ट लपेटून निघाली. निम्मे सोंग घरच्यांनीच करून दिले होते!

अकरा वर्षे ती महाराजांपाशी शिकली. वेद झाले, न्याय झाला, मीमांसा झाली. अडचण एकच, श्रावणीची. त्या दिवशी गावचे सगळे वैदिक घाटावर उघड्या अंगाने बसून जुने जानवे उतरवीत आणि नवे घालीत. दर श्रावणीला कमळाकराला ताप येई. अकरा वर्षे नेमका त्याच दिवशी!

गावचे मुख्य वैदिक मुद्गलभट मोठे चिकित्सक. त्यांनी या तापावर पुष्कळ विचार केला. कमळाकराची मुंज झालेली नसावी, तो परमुलुखाचा हेर असावा, त्याच्या अंगावर कोड असावे, अशा सतरा शंका त्यांनी काढल्या. अठरावी काही सुचली नाही. बाईमाणसाला एवढे पाठ होते, हे त्यांच्या कोणत्याच पोथीत नव्हते.

बाराव्या श्रावणीच्या आदल्या दिवशी ते मठात आले. "काय हो पंडित, उद्या ताप किती वाजता येणार आहे? उद्या उघड्या अंगाने घाटावर बसायचं. नाहीतर पोथ्या इथं ठेवायच्या आणि वेशीबाहेर व्हायचं. सभेचा निर्णय आहे!"

ते गेल्यावर कमळजा महाराजांच्या पायाशी बसली. पोथ्या गेल्या की सगळेच गेले. पुन्हा सासरचा अंधारा कोपरा आणि आलवण. "महाराज, उद्या काय करू?"

महाराज हसले. "अकरा वर्षं ताप तू काढलास. उद्या दुसऱ्या कुणाला तरी येऊ दे. खरं बोल आणि ताठ उभी राहा. पुढचं नारायण बघेल."

'उभी' म्हणाले महाराज! कमळजा चमकली. तिने तर कधी काही सांगितले नव्हते.

सकाळी घाट भरला. मुद्गलभट गरजले, "काढा ते उपरणं!"

"नाही काढणार," ती म्हणाली. "मी बाई आहे. कमळजा माझं नाव."

मुद्गलभट क्षणभर गोंधळले. "म्हणजे... कोड नाही?"

"नाही."

मग मात्र त्यांना कंठ फुटला. "अनर्थ! बाईच्या तोंडची विद्या म्हणजे फुटक्या घड्यातलं पाणी. हाकला हिला! चला, संकल्प करू, मुहूर्त टळतोय."

त्यांनी संकल्पाला तोंड उघडले आणि आतून नुसती हवा आली. पन्नास वर्षे घोकलेला संकल्प, त्यातला पहिला शब्द आठवेना! त्यांनी शेजारच्यांकडे पाहिले. शेजारचेही वासल्या तोंडाने त्यांच्याकडेच पाहत होते. सगळा घाट कोरा! मुहूर्ताची एक घटका उरली. तो टळला तर वर्षभराचे अध्ययन वाया.

पायरीवर बसलेले महाराज शांतपणे म्हणाले, "कमळजे, पोरी, भटजी अडलेत. जरा सांग त्यांना."

तिने डोळे मिटले. अकरा वर्षांचा एकेक शब्द जागच्या जागी होता. तिने पहिले पद खणखणीत म्हटले. त्यासरशी मुद्गलभटांचा गळा मोकळा झाला आणि तेच पद बाहेर पडले. एकदा नव्हे, दोनदा!

घाटावर खसखस पिकली. संथा देताना गुरूने एकदा म्हणायचे आणि शिष्याने दोनदा, हे तिथे कुणाला सांगायला हवे होते? मुद्गलभटांनी पुढचे पद स्वतःहून म्हणून पाहिले. हवा! तिच्यामागून एकदाच म्हणून थांबून पाहिले. जिभेने दुसऱ्यांदा आपणहून म्हटले. असा तो संकल्प पुरा झाला, श्रावणी वेळेत पार पडली. मुद्गलभटांना घाम फुटला होता, अंग चांगलेच तापले होते.

ते धावत महाराजांच्या पायांवर पडायला आले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं कशाला? संथा कुणाकडून घेतलीत?"

मुद्गलभट वळले. सगळ्या गावादेखत त्यांनी कमळजेपुढे साष्टांग दंडवत घातला. "बाई, चुकलो. तुमच्या पोथ्यांना कुणी हात लावणार नाही. माझं पाठांतर मात्र... परत येईल का हो?"

तिने उपरणे नीट केले. "येईल की. उद्या सूर्योदयाला स्नान करून मठात या. पहिल्यापासून घेऊ."

मुद्गलभट दुसऱ्या दिवशी आले. जरा लवकरच आले, आणि दाराशी उभे राहून आत येऊ का म्हणून दोनदा विचारले.