शेळीची शिंक

जनावरं माणसांपेक्षाही जास्त शकुन-अपशकुन पाळायची, त्या काळातली ही गोष्ट. माळावरचं तळं आटत आलं, म्हणून सगळी पूर्वेकडच्या नदीकडे जायला निघाली. तेवढ्यात सूर्य वर आला आणि शेळी शिंकली.

निघताना शिंक म्हणजे अपशकुन! सगळी मुकाट्यानं खाली बसली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

“अगं, दाबून धर ना!” म्हैस खेकसली.

“धरते हो म्हैसबाई, पण ऊन डोळ्यांत गेलं की येतेच.”

“ऊन डोळ्यांत आणि शिंक नाकात? काहीतरीच!” कोल्हा म्हणाला. “मला नाही येत ती.”

“मला तर एकदम तीन येतात,” खार म्हणाली. “मग अपशकुन एक धरायचा की तीन?”

“आणि मी आवाज न करता शिंकतो, त्याचं काय?” सशानं विचारलं.

शेवटी सगळ्यांनी शेळीलाच हाकलून दिलं. ती शिंकत शिंकत पूर्वेकडे गेली.

बाकीची निश्चिंत मनानं उठली, तोच म्हैस शिंकली. तळ्यातला चिखल वाळून धूळ उडत होती. मग कोल्हा शिंकला, खार शिंकली, ससाही शिंकला. सगळी पुन्हा खाली बसली.

नदीवर शेळी पोटभर पाणी प्यायली. सकाळी ऊन डोळ्यांत गेलं, ती शिंकली आणि सवयीनं खाली बसली. तिनं मागे वळून पाहिलं, तर माळावरून कुणीच येताना दिसेना.

“शिंक तर मी माझ्याबरोबर घेऊन आले,” ती गोंधळून म्हणाली, “मग ही मंडळी अजून थांबली कशाला?”