खोट्या खांडीचा सण

समुद्र आजच्याइतकाच खारट होता, पण माणसं आजच्यापेक्षा थोडी होती, अशा फार जुन्या काळी एका खाडीकाठी एक गाव होतं. गावाची शेतं भरतीच्या पाण्याहून सखल. मध्ये होता तो मातीचा एक लांबलचक बांध. अलीकडे भात पिके, पलीकडे समुद्र ये-जा करी. खारं पाणी एकदा शेतात शिरलं, की तीन वर्षं तिथे भाताचं रोप धरत नसे.

बांध राखायचं काम एका बाईकडे होतं. तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून ते तिच्याकडे आलं. सगळं गाव तिला काकी म्हणे. ती बांधावरून अनवाणी चाले, कारण ओल आधी तळपायाला कळते. खेकड्याचं बीळ दिसलं, की लगेच बुजवी.

वाडवडिलांनी गावाला एक रीत घालून दिली होती. वर्षातून एकदा, ओहोटीच्या वेळी, गावाने आपल्याच हाताने बांध कमरेइतका कापायचा. बांध फुटून खिंडार पडलं की त्याला खांड म्हणत. ही खोटी खांड. भरती चढायच्या आत ती गावानेच बुजवायची. आधी दोन्ही कडांना मेढी, म्हणजे लाकडाचे जाड खुंट, ठोकायच्या, मग पेंढ्या रचायच्या, मग चिखल पायांनी तुडवत भरायचा. कोणत्या घराने काय करायचं, ते आयत्या वेळी ठरे. त्यामुळे सगळ्यांना सगळं यावं लागे.

पण माणसाला कष्टाचा सण करायला फार वेळ लागत नाही. कमरेइतकी खांड गुडघ्याएवढी झाली, मग वीतभर. भरायचं काम गावातल्या चार धट्ट्याकट्ट्या भावांकडे गेलं, कारण ते झटपट उरकत आणि जेवणं वेळेवर होत. मग ढोल आले. चिखलाच्या टोपल्यांना झेंडूच्या माळा आल्या. पहिली टोपली टाकायचा मान काकीला मिळाला.

काकीला हे डाचत होतं. एका वर्षी ती पाटलाकडे गेली.

"पाटील, यंदा खांड कमरेइतकी पाडू. त्या चौघा भावांना काठावर बसवू. बाकीच्यांना जमतंय का, बघू तरी."

पाटील हसला. "काकी, सणासुदीला हे काय काढलंस? तू आहेस, ते चौघे आहेत. गावाला कसली काळजी?"

काकी तशीच परत फिरली. खरं सांगायचं तर 'तू आहेस' हे शब्द तिला गोड लागले. तिला नावं ठेवू नका. तुम्हाआम्हालाही लागले असते.

त्याच वर्षी, भात कापणीला आलेलं असताना, पुनवेच्या उधाणाला बांध फुटला. भर दुपार होती. चौघे भाऊ बैल बघायला खाडीपलीकडच्या बाजाराला गेले होते.

काकी ओरडत गावात धावली. गाव आलं, अगदी झाडून सगळं आलं. कुणी घरात घुसून बसलं नाही. एकाने तर सवयीने ढोलही आणला. दुसऱ्याने नारळ आणला. बायका सणातल्या छोट्या टोपल्या घेऊन आल्या.

"आधी मेढी ठोका! कडा धरा!" काकी ओरडत होती.

पण मेढी कुठे ठेवल्यात, हे ते चौघे भाऊच जाणत होते. लोक जीव तोडून खांडीच्या मधोमध चिखल टाकत राहिले आणि पाणी तो गिळत राहिलं. खांड दोन हातांची चार हातांची झाली, चाराची दहाची. काकीने एकटीने एक कड छातीने अडवायला बघितलं. लोकांनी तिला ओढून काढलं, तेव्हा तिच्यासमोर पिवळी शेतं पाण्याखाली जात होती. ती मोठमोठ्याने रडली.

"पाटील, चूक माझी आहे," ती म्हणाली. "मला येतं, याचाच मला अभिमान होता. तुम्हाला येत नाही, याची मला लाज वाटायला हवी होती."

पाटलाने मान खाली घातली. "माझीही आहे, काकी."

तीन वर्षं गावाने दुसऱ्यांच्या शेतावर राबून पोट भरलं. त्या तीन वर्षांत ढोल वाजला नाही. काकी दर महिन्याला, वार न सांगता, ओहोटीला खोटी खांड पाडी आणि स्वतः तोंडावर पदर धरून लांब बसे. कुणी चुकलं तरी बोलत नसे. चूक त्यांनाच सापडू देई. मेढी चार ठिकाणी उघड्यावर ठेवल्या गेल्या. नवी सून घरात आली, की पाचपरतावण होण्याआधी ती चिखल तुडवायला शिके. पोरं खेळातसुद्धा ओहोळ अडवताना आधी काड्या ठोकू लागली. पहिल्यांदा लोक कुरकुरले, मग विसरले की हे काही वेगळं काम आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी काकी लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली असताना मोठं उधाण आलं. परतीच्या वाटेवरच तिला बातमी कळली, बांध फुटला. म्हातारी रडत, ठेचकाळत गावी पोचली.

बांध उभा होता. एका जागी माती ओली होती, एवढंच. शेतात भात वाऱ्यावर हलत होतं.

"खांड भरली कुणी?" तिने विचारलं. "पुढे कोण होतं? त्याला पागोटं बांधू."

लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणी म्हणे कुंभारीण आधी पोचली, कुणी म्हणे न्हावी. पेंढ्या कुणी आणल्या, तेही नक्की सांगता येईना. पाटील डोकं खाजवत म्हणाला, "काकी, पुढे कोण होतं, तेच कळत नाही. सगळेच होते."

काकी बांधावर मटकन बसली आणि पदराने डोळे टिपू लागली. त्या दिवसापासून ती बांध राखायला गेली नाही, आणि गावात कुणाला ती रिकामी जागा भरावी असं वाटलंही नाही.

तात्पर्य: संकटाची तयारी एकाच्या हुशारीवर किंवा वर्षाच्या सणावर सोडू नये, ती प्रत्येकाच्या हाताची रोजची सवय झाली, तरच वेळेला उभी राहते.